तिसऱ्या काडतुसानंतर

मित्रांनो, वाटेत पडलेली दिसले तर तुम्ही मला चुलीत सारायची काटकी समजाल. दिसायला मी तेवढीच आहे. वीतभर लांब, बोटाएवढी जाड, बंदुकीच्या तेलाने काळवंडलेली. पण स्वतःची ओळख सांगताना मला जराही संकोच वाटत नाही. मी एक जुनी लाकडी कांडी आहे. मी बंदुकीच्या पोटात राहते आणि तिला "आता पुरे" म्हणणे हेच माझे काम आहे.

माझा जन्म अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, एका तळ्याकाठच्या घरात झाला. ओरिन त्वाइट हा तिथल्या शिकारखात्याचा अंमलदार. त्याचे एक वल्हे मोडले, तेव्हा त्याच्या चिवट दांड्यातून त्याने मला कोरून काढले. त्याच्या मुलीला, आर्डिसला, तिची पहिली बंदूक मिळाली होती, आणि बदकांच्या शिकारीला तीनच काडतुसे चालतात असा कायदा फार पूर्वीपासून आहे. एक बंदुकीत भरलेले, दोन तिच्या खालच्या नळीत. नळी मोकळी सोडली तर तिच्यात आणखीही मावतात. म्हणून मला त्या नळीत बसवायचे. दोन काडतुसे आत गेली की तिसरे माझ्यावर टक्कन आपटते आणि मागे येते.

"ही कशाला, बाबा?" आर्डिसने विचारले होते.

"बदकांसाठी."

"बदकांना काय कळतंय हिचं?"

"त्यांना कळायची गरज नाही. तुला कळलं की झालं," ओरिन म्हणाला आणि नळीचे झाकण फिरवून बंद केले.

त्या तळ्यावर ओरिननेच पाडलेली एक रीत होती. होडीत पाय ठेवण्याआधी, धक्क्यावर उभे राहून प्रत्येकाने आपली बंदूक शेजाऱ्याच्या हातात द्यायची. शेजाऱ्याने काडतुसे सारून बघायची. तिसरे अडले तरच होडी सुटायची. आपली बंदूक आपणच तपासलेली चालत नसे. अशा किती सकाळी मी टक्कन वाजले असेन! प्रत्येक वेळी मला वाटायचे, होडी माझ्या परवानगीनेच निघते आहे. मनात थोडा तोरा होता, तो मी कशाला लपवू?

एकदा मात्र घात झाला. चर्चच्या जत्रेत मातीच्या तबकड्यांवर नेमबाजी होती. तिथे कांडीची सक्ती नसते, म्हणून आर्डिसने मला काढून एप्रनच्या खिशात टाकले, स्पर्धेत बक्षिसाची टर्की कोंबडी जिंकली आणि त्या आनंदात मला विसरून गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती व्हर्लिन ऑसेनबरोबर तळ्यावर गेली. व्हर्लिन शेजारच्या शेतावरचा, तिच्याच वयाचा. दोघांना उशीर झालेला, म्हणून धक्क्यावरची तपासणी राहिली. मी तर खुंटीवरच्या एप्रनमध्ये अडकून पडले होते. पुढचे मला नंतर इतक्यांच्या तोंडून ऐकायला मिळाले की मी ते डोळ्यांनी पाहिल्यासारखे सांगू शकते.

लव्हाळ्यातून ओरिनची होडी आली. त्याने व्हर्लिनची बंदूक तपासली, मग आर्डिसची. तिसरे काडतूस आत गेले. चौथेही गेले.

"काका, घरचीच आहे ती," व्हर्लिन हळूच म्हणाला.

"म्हणून तर," ओरिन म्हणाला आणि त्याने स्वतःच्या मुलीच्या नावाने दंडाची पावती फाडली.

त्या रात्री जेवताना त्याने उकडलेले बटाटे नेहमीसारखे तिच्याकडे सरकवले. पावतीचा विषय कुणीही काढला नाही. जिल्ह्यात मात्र ही गोष्ट पुढे कित्येक वर्षे हसून सांगितली गेली, आणि सर्वांत जास्त आर्डिसनेच सांगितली, तीही छाती फुगवून.

ओरिन गेला. आर्डिसचे केस पांढरे झाले. व्हर्लिन जिल्ह्याचा शेरीफ झाला, तिथले सगळे पोलीस त्याच्या हाताखाली आले. पण दरवर्षी उन्हाळा सरता सरता दोघे मिळून बदकांपासून लपून बसायला तळ्यात लव्हाळ्यांचा आडोसा बांधायचे आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी त्यात शेजारी शेजारी बसायचे. आर्डिसला दुसरे गणगोत उरले नव्हते. ही दोस्ती हाच तिचा खरा ठेवा होता.

आर्डिस गावच्या शाळेत स्वयंपाकीण होती. कुणी बंदूक घेऊन शाळेत शिरला तर काय करायचे, याची तिथे तालीम होत असे. घंटा झाली की जवळच्या वर्गातली मुले घेऊन तिने कोठीघरात, घेवड्याच्या डब्यांमागे, दिवा मालवून बसायचे. तिथून मागच्या अंगणात एक दार उघडत होते. अशाच एका तालमीनंतर ती घरी आली, तिने बंदूक खोलून मला तळहातावर घेतले आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

त्याच हिवाळ्यात राज्याच्या विधानसभेत एक विधेयक आले. बंदुकीला एका वेळी किती गोळ्यांचे मॅगझिन लावता येईल, यावर मर्यादा घालायची होती. तीस तीस गोळ्यांची मॅगझिने विकायला बंदी येणार होती. विधेयक तपासणाऱ्या समितीपुढे कुणीही येऊन बोलावे, असे जाहीर झाले. आर्डिसने जायचे ठरवले. बंदूक गाडीत राहिली. मी तिच्या कोटाच्या खिशात बसले.

विधानभवनाच्या दारावरच्या पहारेकऱ्याने मला उलटसुलट करून पाहिले. "हे काय, बाई? लाटणं?"

"कायदा आहे तो," आर्डिस म्हणाली. "जपून धरा."

मित्रांनो, त्या क्षणी मी फुगून दीड वीत झाले असेन.

आत खुर्च्या भरल्या होत्या. आर्डिसच्या आधी बोलायला कोण उठावे? व्हर्लिनच. अंगावर गणवेश, हातात टोपी. तो या विधेयकाच्या विरोधात आला होता.

"माझ्याकडे मोजकी माणसं आहेत आणि जिल्हा अवाढव्य," तो म्हणाला. "जुनी मॅगझिनं ठेवायला मुभा, नवी घ्यायला बंदी, असं तुम्ही म्हणता. मॅगझिनवर जन्मतारीख लिहिलेली नसते. जुनं कुठलं, नवं कुठलं, मी कसं ओळखू? लोकांच्या तळघरात शिरून खोकी उपसू? ज्यांनी आयुष्यात कुणाला ओरखडा काढला नाही, त्यांच्याच दारात मला उभं राहावं लागणार. आणि ज्याच्या मनात पाप आहे, तो काय तुमचा कायदा वाचून थांबणार आहे? जो पाळून घेता येत नाही, असा कायदा माझ्या गळ्यात मारू नका."

तो उगाच बोलत नव्हता. मलाही त्यातले बरेच पटले. आर्डिसची बोटे माझ्याभोवती घट्ट झाली. ती उठली तेव्हा व्हर्लिनने तिच्याकडे पाहिले आणि नजर खाली वळवली.

"शेरीफ खोटं बोलत नाहीत," आर्डिस म्हणाली. "ते खोटं बोलतच नाहीत, मी ओळखते त्यांना. पण माझे वडील एकटे होते आणि तळी शेकड्यांनी होती. बहुतेक बंदुका त्यांनी कधी बघितल्याही नाहीत. तरी त्यांत ही असायची." तिने मला टेबलावर ठेवले. "कारण धक्क्यावर शेजारी तपासायचा. मला दंड झाला तेव्हा शेरीफ त्याच होडीत होते. विचारा हवं तर."

लोक हसले. व्हर्लिनही ओठांत हसला असावा.

"म्हणजे माणसं आणि बदकं सारखीच, असं म्हणायचंय का तुम्हाला?" एका आमदाराने टोमणा मारला.

"नाही हो. बदकं आपली आपण उडून जातात. तीन बार झाले की शिकाऱ्याला बंदूक पुन्हा भरावी लागते. तेवढ्यात उरलेली निसटतात. तो वेळ ही कांडी देते. मी मुलांना घेऊन कोठीघरात बसते. तिथनं मागच्या दारापर्यंत जायला मुलांना थोडाच वेळ लागतो, पण लागतो. मला तेवढा वेळ हवाय. दुसरं काही मागायला मी आले नाही."

समितीच्या अध्यक्षबाईंनी वेळ संपल्याची खूण करायला हात उचलला होता, तो तसाच राहिला. मी तिथे, दिव्याखाली, सगळ्यांसमोर पडून होते. ज्या कांडीने जन्मभर अंधारात काम केले, तिचा असा मान कधी होईल असे मला वाटले नव्हते.

विधेयक समितीत अवघ्या एका मताच्या फरकाने मंजूर झाले. पुढे सभागृहात अडले आणि अजून अडलेलेच आहे. आर्डिसचे मात्र त्या दिवशी नुकसान झाले. गावातल्या उपाहारगृहात ती शिरली की गप्पा थांबू लागल्या. उन्हाळा सरला, पण व्हर्लिन आडोसा बांधायला आला नाही. तिने लव्हाळे एकटीने कापले आणि एकटीनेच बांधले. बाजूची बसायची फळीसुद्धा तिने घासून ठेवली. मला तिचा फार अभिमान वाटला आणि फार वाईटही वाटले.

हंगामाचा पहिला दिवस उजाडत होता. आर्डिस धक्क्यावर थर्मास ठेवत असताना मागून पावले वाजली. व्हर्लिन आला होता, त्याची कुत्री पुढे पळत होती. त्याने आपली बंदूक तिच्यापुढे धरली. आर्डिसने ती घेतली. एक काडतूस सारले, दुसरे सारले. तिसरेही आत गेले.

व्हर्लिन कानापर्यंत लाल झाला. "काल साफ केली... पुसून ठेवली ती कांडी, फडक्यावरच राहिली."

"माझा एप्रन, तुझं फडकं," आर्डिस म्हणाली.

"घरी जाऊन येईपर्यंत पाखरं जातील. तू जा. मी बसतो गाडीत."

तळ्यावर दुसरे कुणी नव्हते. ती एक शब्द बोलली नसती तर कुणाला कळले असते? आर्डिसने आपल्या बंदुकीचे झाकण फिरवले, मला बाहेर ओढले आणि त्याच्या बंदुकीत बसवले. दोघांच्या बंदुका एकाच जातीच्या, म्हणून मी चपखल बसले. तिने तिसरे काडतूस सारून पाहिले. टक्क. मग स्वतःची, आता कांडी नसलेली बंदूक गाडीत कुलूपबंद करून ती नुसता थर्मास घेऊन होडीत बसली.

"अगं, पण तू काय करणार?"

"कॉफी ओतणार. चल."

आडोशात बसल्यावर तिने ओतलेला कप त्याने हातात घेतला. "माझं मत बदललेलं नाही, आर्डिस."

"माहितीय मला. घे, गार होईल."

थोड्या वेळाने बदकांचा थवा उतरला. व्हर्लिनने तीन बार काढले. दोन पाखरे पाण्यात पडली, तिसरा बार फुकट गेला. हिरव्या डोक्याचा एक नर अगदी समोरून, हाताच्या अंतरावरून वर उठला. पुढचे काडतूस चढवायला व्हर्लिनचा हात सवयीने मागे-पुढे झाला, पण बंदूक रिकामी होती. नर लव्हाळ्यांवरून पलीकडच्या तळ्याकडे निघून गेला.

"गेला," व्हर्लिन म्हणाला.

"हं," आर्डिस म्हणाली. दोघे तो दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले.

आता मी पुन्हा आर्डिसच्या बंदुकीत आहे. व्हर्लिनने मला स्वच्छ पुसून, रुमालात गुंडाळून आणून दिले होते. मित्रांनो, मी लहान आहे, जुनी आहे, वाळवीलाही माझ्यात फारसे खायला मिळणार नाही. तुमच्याकडून मला एवढेच हवे आहे. कधी बंदूक पुसायला उघडलीत, तर मला फडक्यावर विसरू नका. आठवणीने जागेवर बसवा, आणि मग बंदूक शेजाऱ्याच्या हातात द्या. समोरून कुणीतरी उडून जायच्या बेतात असेल, त्याला तेवढा वेळ मिळू द्या.