वांग्याची माळ

पैज लागली ती कमलबाईच्या ओसरीवर, मिरच्यांचे देठ खुडताना. कमलबाईची पाळी जाऊन नऊ वर्षं झालेली, आणि त्या महिन्यात अचानक रक्त जायला लागलं.

“मी परत तरणी झाले गं सरजे,” ती म्हणाली. “आता ह्यांला पळायला जागा न्हाई.”

शेजारची सरजाबाई म्हणजे विहिणीच्या चहात मीठ टाकणारी बाई. तिनं लगेच निदान केलं. “उष्णता हाय. सब्जा भिजवून पी, पंधरा दिवसात बंद.”

गावची आशाताई सुकेशनी बीपीचं यंत्र घेऊन तिथंच बसली होती. “मावशी, ह्या वयात रगत जाणं चांगलं न्हाई. परभणीला दाखवा.”

“लाव पैज,” सरजाबाई म्हणाली. “थांबलं तर तू हरली, न्हाई थांबलं तर मी. हरलेलीनं गळ्यात वांग्याची माळ घालायची, बाजारात ताट वाजवायचं, अन तीनदा म्हणायचं, मी येडी, माझं ऐकू नका.”

बाराव्या दिवशी रक्त थांबलं. सुकेशनी दिसली की सरजाबाई विचारायची, “वांगी आणू का?”

महिन्यानं कमलबाई न्हाणीमागं सरजाबाईला हळूच म्हणाली, “परत जायलंय.”

“सुकेशनीला सांगू नकू. माळ माझ्या गळ्यात पडंल.”

दोघी पोट धरून हसल्या. कमलबाईनं खरंच कुणाला सांगितलं न्हाई. सात महिने जुन्या लुगड्याचे तुकडे धुऊन गोठ्यात पोत्याखाली वाळवले. मग एका बाजारी ती मिरच्यांच्या ढिगावरच आडवी झाली. उचलली तेव्हा खालचं पोतं भिजलेलं होतं.

नवरा आश्रुबा तिला परभणीला, तिथनं नांदेडला घेऊन गेला. सरजाबाई संगं होतीच. गर्भपिशवीचा तुकडा तपासायला गेला, फोटो निघाले. डॉक्टरीण पोरसवदा होती. तिनं कागदावर पिशवी काढून दाखवली. आतल्या अस्तरात कॅन्सर, तिथनं पोटात, फुफ्फुसात ठिपके.

“तुम्ही सुरुवातीलाच आला असतात तर बहुतेक पिशवी काढून भागलं असतं. आता सलाईनमधून औषध देऊ. वाढ थोपवता येईल, मुळातून जाणार नाही.”

“किती दिस?” कमलबाईनं विचारलं.

“नक्की कुणी सांगू शकत नाही. वर्ष, दोन वर्षं. औषध कसं लागू पडतं त्यावर. इतके महिने का थांबलात?”

कमलबाईनं सरजाबाईकडं एकदा बघितलं.

“मिरच्यांचं काम होतं,” ती म्हणाली.

चौथ्या सलाईनला डोक्यावर केस राहिले न्हाईत. बोटं बधिर झाली, तोंडाची चव गेली. सरजाबाई रोज जेवण रांधून न्यायची. दोन घासांवर हात थांबायचा. मिरच्यांच्या कामाबद्दल दोघीही कधी बोलल्या न्हाईत. एक दिवस कमलबाई म्हणाली, “सरजे, पैज राहिलीय.”

“आता कशाला गं?”

“मला बघायचीय. पुढच्या सालाचा भरवसा न्हाई.”

माळ तिनंच ओवली. बधिर बोटांनी सात वांग्यांना सकाळ गेली.

बाजारात आश्रुबानं तिला खुर्चीवर बसवलं. सरजाबाईनं ताट वाजवलं. “मी येडी, माझं ऐकू नका.” लोकांनी मोबाईल काढले. ही बाई काहीतरी करणारच, हे गावाला ठाऊक होतं. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा हसू आणखी वाढलं. फक्त पुढं उभी असलेली सुकेशनी खाली बघत होती.

“एकदा राहिलं,” कमलबाई म्हणाली.

सरजाबाईनं ताट खाली ठेवलं. “मी येडी. हिला रगत जायलं होतं, मी म्हनले उष्णता. परत गेलं तवा म्हनले, कुणाला सांगू नकू, मी पैज हरन. हिनं माझ्यापायी तोंड शिवलं. माझं ऐकू नका.”

हसू कुठं थांबलं ते कुणाला कळलं न्हाई. मोबाईल एकेक करून खिशात गेले.

आश्रुबाला हे आजच कळत होतं.

कमलबाई खुर्चीला धरून उठली. माळेतलं एक वांगं तिनं ओढून काढलं.

“हेच कर सांजच्याला,” ती म्हणाली. “मीठ टाक भरपूर. मला कायच लागत न्हाई.”