आईच्या हनुवटीचा इतिहास

दिनांक ९ मार्च २०१४, रविवार, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे. आईच्या बैठकीच्या खोलीत तिची तीन मुले, एक फोटोवाला आणि चौकटीत बसवलेला आईचा मोठा फोटो एवढी मंडळी हजर होती. संध्याकाळी पाचला जवळच्या सभागृहात तिची स्मृतिसभा होती आणि मुख्य भाषण थोरल्याकडे होते.

फोटोवाल्याने फोटोतल्या हनुवटीवर बोट ठेवले. "हा डाग तेवढा काढून टाकतो. पाच मिनिटांचं काम."

"खबरदार!" तिघेही एकदम ओरडले. वडिलांच्या पश्चात या घरात झालेले हे पहिलेच एकमत. ते फार टिकले नाही.

"डाग काय म्हणता? पदक आहे ते," मधली म्हणाली. ती मुख्याध्यापिका होती आणि घरातही त्याच आवाजात बोलत असे. "शाळेत एका दांडगटानं तिची वेणी ओढली. आईनं त्याचे दोन दात पाडले. त्या झटापटीत हनुवटी फुटली."

"कसली झटापट, ताई?" धाकटा हसला. "जिन्याच्या तीन पायऱ्या गाळून उडी मारली आणि तोंडावर आपटली. मला स्वतः सांगितलंय तिनं."

थोरल्याने चष्मा काढून पुसायला घेतला. दुसरा चुकतो आहे अशी खात्री झाली की तो चष्मा पुसत असे. त्यामुळे त्याच्या काचा नेहमीच लख्ख असत.

"दोघंही चुकताय. पाण्याच्या टाकीची खोली मोजायला ती वाकली, माप चुकलं, तोल गेला आणि हनुवटी कठड्यावर आपटली. टाकी चार फूट दोन इंच खोल होती. भाषणात विभाग तीन, उपविभाग दोन."

"भाषणाला उपविभाग आहेत?" धाकट्याने विचारले.

"अनुक्रमणिकासुद्धा आहे," मधली म्हणाली. "मी वाचली. तिथंच रडू आलं."

"तुमचं ठरलं की फोन करा," असे म्हणून फोटोवाल्याने काढता पाय घेतला.

तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन थोरल्याने एका कारखान्याच्या आरेखन विभागात उभी हयात काढली होती. घरात त्याला मिलिमीटर म्हणत, आणि त्याला ते मनापासून आवडे. पण एक गोष्ट त्याने कुणाला कधी बोलून दाखवली नव्हती. धाकटा आईचा लाडका होता, मधली तिची मैत्रीण होती, आणि थोरला होता थोरला. त्याच्या वाट्याला त्या टाकीची हकिगत तेवढी आली होती. आईने ती त्याला एकट्याला जवळ बसवून सांगितली होती. तीच खोटी निघाली, तर आईने आपल्याला विश्वासात घेतल्याचा दुसरा पुरावा त्याच्यापाशी नव्हता. शिवाय खोटे विधान करून आईला निरोप द्यायचा, हे त्याच्या तत्त्वात बसत नव्हते.

साक्षीदार एकच उरला होता, आणि तो तीनच्या सुमारास रिक्षातून उतरला. आईची धाकटी बहीण. थोरल्याने तिची पिशवी हातात घेण्याआधीच प्रश्न विचारला.

"अरे, मावशीला पाणी विचारायची पद्धत आहे की नाही तुमच्यात?" मावशी खुर्चीत टेकली. "ती खूण होय! काटेरी कुंपणात मुद्दाम तोंड घातलं होतं ताईनं. दिसायला फार देखणी होती ना, त्याचा कंटाळा आला होता तिला."

"कुणी सांगितलं तुला?"

"तिनंच. माझं नाक फेंदारं म्हणून मी आरशासमोर भोकाड पसरलं होतं, तेव्हा."

"आणि तुझा विश्वास बसला?"

"सहा वर्षांची होते रे मी," मावशी म्हणाली. "आणि विश्वास अजूनही आहे."

"पण तुमच्याकडे पाण्याची टाकी तर होती ना?"

"टाकी? गल्लीतल्या नळावरून बादल्या वाहिल्यात आम्ही. टाकी असती तर माझी कंबर अशी झाली असती का?"

थोरला तिथेच खाली बसला. सकाळपासून त्याची फिरकी घेणारी मधली शेजारी येऊन बसली.

"दादा, तुला कधी सांगितलं तिनं हे?"

"पदविकेच्या पहिल्या वर्षाचा निकाल लागला त्या दिवशी. मी गच्चीवर बसून होतो, जेवलोही नव्हतो. आई टेलिफोन एक्स्चेंजमधली ड्युटी संपवून तशीच वर आली. टाकीचं सांगितलं. मी विचारलं, खोली किती होती? ती लगेच म्हणाली, चार फूट दोन इंच."

"तू विचारल्यावर?"

"हो."

"मग तुला माप लागतं म्हणून दिलं असणार तिनं."

थोरल्याने चष्मा काढला. या वेळी काचा पुसल्या नाहीत, डोळे पुसले.

पाच वाजता तो माइकपुढे उभा राहिला. कागद समोर होते. विभाग एक त्याने वाचला, आणि मागच्या रांगेत दोघे पेंगू लागले. मग त्याने कागद उलटे ठेवले.

"आईच्या हनुवटीवरच्या खुणेविषयी माझ्याकडे खात्रीलायक माहिती नाही. कुणाकडे असल्यास हात वर करावा."

निम्म्या सभागृहाचे हात वर गेले.

शेजारच्या वहिनी उठल्या. "कुकरचं झाकण उडून लागलं होतं."

"आणि त्या वेळी तुमचं काय चाललं होतं?" थोरल्याने विचारले.

"माझं नवीन लग्न झालं होतं. दूध उतू गेलं म्हणून रडत होते."

एक्स्चेंजमधले एक जुने सहकारी म्हणाले, "कुणा बड्या साहेबाला फोनवर झापताना ती स्वतःच बोर्डावर आपटली होती. माझं काय चाललं होतं? साहेबानं मला झापलं होतं."

दातांचे डॉक्टर तर हसू आवरतच उठले. "माझी पहिली पेशंट. माझे हात लटपटत होते. म्हणाल्या, घाबरू नका, मागच्या डॉक्टरनं सुई हनुवटीत घातली होती, तरी मी जिवंत आहे. मी माफी मागितली, माझ्या अख्ख्या व्यवसायातर्फे!"

सभागृहात हशा उसळला. तो ओसरल्यावर थोरल्याने आपली हकिगत सांगितली, टाकी आणि गच्चीसकट.

"म्हणजे दादा नापास झाला होता?" धाकटा पहिल्या रांगेतून ओरडला.

"एका विषयात. आरेखनात." थोरला शांतपणे म्हणाला. "ते फक्त आईला माहीत होतं. आता तुम्हालाही."

मावशीने जोरात टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच.

दहा मिनिटांची परवानगी असलेले ते भाषण सभागृहाच्या रखवालदाराने दिवे घालवायला सुरुवात करेपर्यंत चालले. स्वतः रखवालदारानेही जाता जाता एक कारण सांगितले. खुणेची एकूण कारणे जमा झाली तेवीस. सिद्ध झाली शून्य.