विल्फ्रिडच्या विहिरीचं पाणी

रविवारी सकाळी दहालाच शहागडच्या हायवेलगतच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. अंबडकडून, पार मंठ्याकडून माणसं आली होती, कुणी पिकअपमध्ये, कुणी एका मोटारसायकलवर तिघं. व्यासपीठावरच्या मोठ्या पडद्यावर रक्तातली साखर मोजायच्या यंत्राचे आकडे झळकत होते. खाली एक निळा टब होता, आणि त्यात इन्सुलिनची पेनं, सुया, गोळ्यांची पाकिटं. लोक रांगेनं येत, आपलं औषध टबात टाकत आणि सभा टाळ्या वाजवी.

त्या टबाकडे बघत नीलाबाई गर्दीतून पुढं सरकल्या.

त्या गावातल्या शाळेत इतिहास शिकवीत. आठवीतली राजनंदिनी शनिवारी शाळेत आली नाही, म्हणून आज सकाळी त्या तिच्या घरी डोकावल्या होत्या. या मुलीच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, रोज टोचून घ्यावं लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. घरी एकटी आजी होती, सगुणाबाई. ती हसून म्हणाली, "सुई सुटली तिची. शुक्रवारी बिशपबाबानं पेन टाकाय लावला. आज पुन्हा बलावलंय, समद्यांना दाखवायला." तेव्हापासून बाई जवळजवळ धावतच इथवर आल्या होत्या.

बिशपबाबा बोलत होता. पांढरा झगा, गळ्यात पितळी क्रूस, हातात टोकाला वळवलेली काठी.

"तेराशे वर्षांमागं इंग्लंडात सॅक्सन लोक होते. तीन वर्षं पाऊस न्हाई. माणसं उपाशी. मंग बिशप विल्फ्रिड आले. त्यांनी लोकांना विहिरीच्या पाण्यात उतरवून दीक्षा दिली आणि त्याच दिवशी आभाळ फुटलं. त्या विहिरीचं पाणी ह्या जारमध्ये आहे. सॅक्सनांनी खोटे देव फेकले. तुमचा खोटा देव कोणता? सुई."

गोष्ट अर्धी खरी होती, याचीच नीलाबाईंना जास्त किळस आली. विल्फ्रिड होऊन गेला होता. पाऊस पडल्याचं त्याच्याच बाजूच्या लोकांनी लिहून ठेवलं, ते खरं-खोटं कोण जाणे. पण त्यांनी आणखीही एक लिहिलं होतं: त्या उपाशी लोकांच्या समुद्रात मासळी होती आणि ती धरता येत नव्हती, बिशपच्या माणसांनी नदीतली जाळी गोळा करून समुद्रात टाकून दाखवली. जाळं टाकायला शिकवणाऱ्याच्या नावावर हा माणूस औषध टाकायला शिकवत होता. बाईंनी वाटेतच जालन्याच्या चर्चमधल्या ओळखीच्या पास्टरांना फोन केला होता. ते म्हणाले, "आमच्यात असला कुणी बिशप नाही. माझी आई स्वतः इन्सुलिन घेते. आधी त्या मुलीला दवाखान्यात न्या."

तेवढ्यात राजनंदिनीचे वडील भुजंग तिला धरून व्यासपीठावर चढले. पोरीचे ओठ सुकले होते, छाती भात्यासारखी हलत होती. सेवेकऱ्यानं दोघांच्या हातावर मधात भिजवलेल्या भाकरीचा तुकडा ठेवला. "हात धुवायचा न्हाई, आशीर्वाद जातो," तो म्हणाला. मग बाबानं तिचं बोट टोचलं. पडद्यावर आकडा आला, ५६०. बाबानं जारमधलं पाणी घेऊन तिचं बोट चोळून चोळून धुतलं, पुसलं, पुन्हा टोचलं.

४८८.

सभा चुळबुळली. "शुक्रवारी बोट धुतल्यावर १३८ झाला होता की," मागून कुणीतरी म्हणालं.

"पोरीनं चोरून काहीतरी खाल्लं," बाबा सहज म्हणाला. "श्रद्धा कच्ची आहे. घेऊन जा, उपास घाला."

नीलाबाई व्यासपीठावर चढल्या. मुलीच्या श्वासाला सडक्या फळांचा वास येत होता, इन्सुलिन तुटल्याचा. वर्गात इतकी वर्षं शांत राहिलेल्या त्या बाईला त्या झग्याला हात लावायचीही शिसारी वाटली. त्या भुजंगकडे वळल्या.

"भुजंगराव, तुम्हाला साखरेचा आजार आहे?"

"न्हाई, बाई."

"मग भाकरी घेतली त्याच हाताचं बोट द्या."

बाबानं यंत्र मागं ओढलं. पहिल्या रांगेतला ट्रकड्रायव्हर सोमेश्वर उठून म्हणाला, "करू द्या की. खरं असंल तं घाबरायचं काय?" मागून आणखी दोघंतिघं तेच म्हणाले. यंत्र द्यावं लागलं.

भुजंगचा आकडा आला ४११.

"पाहा," बाबा लगेच म्हणाला, "आजार लपून बसला होता."

"आता बाहेरच्या नळावर साबणानं हात धुऊन या," बाई म्हणाल्या. भुजंग धावत गेले, हात कोरडे करून आले. बाईंनी बोट टोचलं. १०४.

"त्या नळात कोणता बिशप आहे?" बाईंनी विचारलं. "बोटाला मध लागलेला असला की रक्ताच्या थेंबात तो मिसळतो आणि यंत्र त्याचीही साखर मोजतं. बोट धुतलं की खरा आकडा दिसतो. शुक्रवारी पोरीचा खरा आकडा चांगला होता, कारण ती इन्सुलिन घेत होती. आज ते नाही."

भुजंग पडद्याकडे बघत उभे राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "म्या माझ्या हातानं पेन टबात टाकला, बाई." आणि पोरीला उचलून चालू लागले. सोमेश्वरनं कुणाची तरी जीप मागून घेतली.

राजनंदिनी चार दिवस अतिदक्षता विभागात होती. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर हाती लागली नसती. बाबा त्या गोंधळातच मागच्या दारानं गेला. भुजंगनी जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली आणि महिन्याभरात तो सापडला. नाव राधेश्याम, याआधी तो जत्रांमध्ये गुडघेदुखीचे चुंबकी पट्टे विकायचा. पण नीलाबाईंच्या मनातून एक गोष्ट जाईना. त्या दिवशी आकडे डोळ्यांनी बघूनही काही जण निघताना त्या जारमधल्या पाण्यानं बाटल्या भरून पिशवीत घालत होते.

जीप निघताना भुजंगनाही ते दिसलं होतं. पोर घरी आल्यावरच्या पहिल्या गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, त्यांनी यंत्र, नव्या सुयांचा डबा, मधाची बाटली आणि साबणाची वडी घेऊन चौकात खुर्ची मांडली. येईल त्याला ते सांगत, "माझं ऐकू नका, बाईचंबी ऐकू नका. मध लावून बोट टोचा, मंग धुऊन टोचा. काय दिसतं ते सवता बघा. आणि डॉक्टरला इचारल्याबिगर औषध सोडू नका."

त्या दिवशी एकतीस जणांनी बोट पुढं केलं.