बाईंची सहल

सहलीची कल्पना धाकट्याची. माझा हा भाऊ कारखान्यात मालाची तपासणी करतो, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट तपासून पास-नापास करायची त्याला खोडच लागली आहे. आता पाळी आईची होती. गेल्या चार महिन्यांत ती दोनदा गॅस चालू ठेवून झोपली होती, आणि एकदा स्वतःच्याच घराची बेल वाजवून, बाबा दार उघडतील म्हणून तासभर उभी राहिली होती. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली.

"अख्खा दिवस तिला अनोळखी शहरात फिरवू," धाकटा फोनवर म्हणाला. "नीट वागली तर राहू दे एकटी तिच्या घरात. नाहीतर हलवायचं." कुठे, ते त्याने सांगितलं नाही. त्याच्या दोन खोल्यांत पाच माणसं. माझी लेक शिकायला बाहेर गेल्यापासून माझ्याकडे एक खोली रिकामी. वेगळं सांगायला कशाला हवं?

आईला आम्ही पिटुकलीचं निमित्त सांगितलं. पिटुकली म्हणजे धाकट्याची आठ वर्षांची मुलगी. तिला सुट्टी आहे, समुद्र दाखवायचाय, तूही चल.

सकाळपासून आभाळ भरलेलं होतं आणि समुद्र भांडी विसळलेल्या पाण्यासारखा दिसत होता. पण आईने काय रंग भरला! छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत बाई होती ती. दीपगृहाच्या जिन्यात मी चौथ्या वळणावर बसकण मारली, ही वर पोहोचून पिटुकलीला भिंगं समजावून सांगत होती. माहिती सांगणारा माणूस शेवटी म्हणाला, "काकू, आता तुम्हीच बोला, मी ऐकतो." संग्रहालयात तिने एका पाटीवरची चूक काढली आणि तिथल्या बाईंना बोलावून दाखवली. मत्स्यालयात पिटुकलीची टोपी विसरली, तीही हिच्याच लक्षात आली. धाकटा दर अर्ध्या तासाने मोबाइलमध्ये काहीतरी लिहून घ्यायचा. मी मनातल्या मनात पेढे वाटत होते.

दुपारी तीनला आम्ही धक्क्यावर आलो. समोरच्या बेटावर लाँच जायची. धाकटा आणि पिटुकली तिकिटांच्या रांगेत थांबले. आईला बाथरूमला जायचं होतं. मी दाराबाहेर उभी होते. तेवढ्यात लेकीचा फोन आला. दोन मिनिटं बोलले असेन, आत डोकावून पाहिलं तर आत कोणी नाही. मी धक्क्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वेड्यासारखी धावले.

सापडली ती पलीकडच्या लाँचपाशी. कुठल्याशा शाळेची सहल आली होती. गणवेशातली चाळीसेक मुलं लाँचवर चढायच्या फळीसमोर दाटीवाटीने उभी, आणि आई हात आडवा पसरून त्यांची वाट अडवून उभी.

"एक कमी आहे! सापडल्याशिवाय कुणीही चढायचं नाही!"

लाँचवाला भोंग्यावर भोंगा देत होता. मुलांची टीचर, अगदी कोवळी मुलगी, रडकुंडीला आली होती. "अहो आजी, तीनदा मोजली मी. सगळी आहेत." आईने दुसऱ्या हाताने एका मुलीचं मनगट आवळून धरलं होतं. ती पोर हुंदके देत होती आणि आईचं तिकडे लक्षही नव्हतं. असे डोळे मी तिचे कधी पाहिले नव्हते. ओळखीचं काही त्यांत नव्हतंच.

मी जवळ जाऊन म्हटलं, "बाई, सापडली ती. वर्गातच बसलीय."

"हो का?" आईने मनगट सोडलं. मुलीच्या हातावर बोटं उमटली होती. मी टीचरची माफी मागितली आणि आईला धरून निघाले. दहा-बारा पावलांवर ती थांबली. "मी काय केलं गं आत्ता?"

"काही नाही. चल."

धाकटा तिकिटं घेऊन आमची वाट बघत होता. "कुठे होतात एवढा वेळ?"

"अरे, बाथरूमला ही रांग!" मी म्हटलं. आईने माझ्याकडे पाहिलं.

परतीच्या बसमध्ये पिटुकली बापाच्या मांडीवर झोपली. आईने खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले होते. पुढच्या सीटवरून धाकटा वळला. त्याचा चेहरा चांगलाच उजळला होता.

"ताई, उगाच घाबरलो मी. राहू दे तिला तिच्या घरी."

"तपासणी झाली का रे?" आई डोळे न उघडता म्हणाली.

धाकट्याची बोबडीच वळली. "अगं नाही, तसं नाही..."

"सकाळपासून लिहितोयस. छत्तीस वर्षं पेपर तपासले मी, परीक्षा चाललेली मला कळते. मग हेही लिही. रांग वगैरे काही नव्हती. मी दुसऱ्याच कुणाच्या मुलांना अडवून ठेवलं होतं. एका पोरीचा हात लाल होईपर्यंत दाबला. का, ते मला आठवत नाही. शेजारची सून रोज दुपारी तिचं बाळ माझ्याकडे ठेवून कामाला जाते. उद्यापासून नको ठेवू म्हणून सांगायला हवं तिला."

धाकट्याने मोबाइल खिशात टाकला. बराच वेळ तो पिटुकलीच्या केसांवरून हात फिरवत राहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू खोटं का बोललीस?"

"तिचं घर सुटू नये म्हणून!" मी उसळून म्हटलं. "जीव आहे तिचा त्या घरात. तुला काय, लिहिलं की झालं." माझे डोळे भरून आले. आईची बाजू घेणारी मीच एकटी, असं मला खरोखर वाटत होतं.

आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तिला बोलू नकोस रे," ती धाकट्याला म्हणाली. "मी तिच्याकडे राहायला येईन, याची धास्ती घेतलीय तिने."

तिच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते. तसं नाही गं आई, एवढंच म्हणायला मी तोंड उघडलं. तिचा हात गुडघ्यावर तसाच होता, आणि माझ्याच्याने तेवढंही म्हणवलं नाही.