रांगोळीतलं वाक्य

सिंधु धडा वाचत होती आणि वाऱ्यानं पान उलटलं. ती थांबली नाही. बोट नव्या पानावर फिरत होतं, तोंडात मात्र मागच्याच पानावरची गाय चरत होती.

शेंगा सोलणाऱ्या तिच्या आईचा, सौदामिनीचा, हात जागच्या जागी राहिला. म्हणजे पोरगी वाचत नव्हतीच. अख्खं पुस्तक तिला पाठ झालं होतं.

निजामाचं राज्य, शाळेत सारं उर्दूत. मराठी घरी, आई शिकवील तेवढंच. आणि पुस्तकही एकच, मामानं सोलापूरहून आणलेलं. सिंधुचे वडील रेणुकादास लातूरच्या कचेरीत कारकून. त्यांना हा उद्योग पसंत नव्हता. "एक लिपी उजवीकडून, एक डावीकडून. पोरीचं डोकं गरगरून राहिलंय," ते म्हणाले होते. "खंडेनवमीला मला सुट्टी आहे, तेव्हा वाचून दाखवू दे. नाही जमलं तर मराठी बंद. एक तरी धड येऊ दे तिला."

सौदामिनीनं पाठांतराचं कुणाला सांगितलं नाही. पुस्तक समोर असलं की निभावून जाईल, एवढाच तिचा हिशेब.

नवमीला सकाळी तिनं पुस्तक, पाटी, पेन्सिल, यजमानांची दौत, सारं मांडून पूजा केली. हळदकुंकू वाहिलं आणि मग ध्यानात आलं: पूजेतलं पुस्तक आता दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही.

"इम्तिहान पुढं ढकला आता," ती सुटकेनं म्हणाली.

"वा! सरस्वतीच्या पदराआड लपता का मायलेकी?" रेणुकादास हसले. "दुसरा पाट आण. अन् रांगोळी."

पाटावर रांगोळी पसरून त्यांनी बोटानं काहीतरी लिहिलं. त्यांच्या पाठीआड सौदामिनीला काही दिसेना. पुस्तकात नसलेलं पोरगी काय वाचणार?

सिंधु पाटापुढं बसली. बोट सवयीनं उजव्या कडेला गेलं, थबकलं, डावीकडं आलं. ओठ हलले, पण आवाज नाही. बोट एकेका अक्षराखाली थांबत शेवटाला पोचलं आणि पुन्हा पहिल्यापासून निघालं.

"वाच की गं," सौदामिनी कळवळून म्हणाली.

सिंधु उठली आणि चालू लागली.

"अगं, कुठं चाललीस?"

"थांब, बोलू नको," रेणुकादास हळूच म्हणाले.

सिंधु खुंटीपाशी गेली. टाचा उंचावून तिनं वडिलांच्या शेरवानीच्या खिशात हात घातला आणि पुडी काढली. पुडीत पेढा होता.

सौदामिनी पाटावर वाकली. रांगोळीत लिहिलं होतं: शेरवानीचा खिसा बघ.

हे वाक्य पुस्तकात नव्हतं. या घरात ते कधी कुणी उच्चारलंही नसेल. बापाच्या मनातलं लेकीच्या मनात गेलं, आणि मधे आवाज म्हणून नव्हता; होत्या फक्त पांढऱ्या भुकटीत ओढलेल्या चार वाटा. एकेक अक्षर सौदामिनीनंच तर शिकवलं होतं. पण शिकवलं ते हे असं काही असतं, हे तिला आज दिसत होतं.

"फैसला?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"चालू द्या तुमची मराठी," रेणुकादास म्हणाले. "अन् भावाला कळव, आणखी पुस्तकं आण म्हणावं. हे एक तर तिला पाठ झालंय."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

ते हसले आणि त्यांनी पाट लेकीकडं सरकवला.

पेढा गालात धरून सिंधुनं तळहातानं रांगोळी सारखी केली. "आता आई, तू. मोठ्यानं नाही हं वाचायचं."

इवलंसं बोट डावीकडून निघालं. सौदामिनी श्वास रोखून पाहत राहिली. काय येणार, तिला काहीच ठाऊक नव्हतं.