विहिरीतली आरोळी

भिमाजीनं अंबाजीच्या कागदातलं शेवटचं कांदाभजं उचललं आणि तोंडात टाकायच्या आधीच हात पुढं केला.

"मार टाळी. खुर्चीवरनं जो उठंल त्यो हरला."

"आन् हरणाऱ्यानं काय करायचं?"

"रविवारी पांढरं लुगडं नेसून, केस मोकळं सोडून ठेसनापास्नं फाटकापातुर चालायचं. कुनी इचारलं तर कशाला भ्यालो ते वरडून सांगायचं."

अंबाजीनं त्याच्या तुळतुळीत डोक्याकडं बघितलं. "तुला सोडायला हायती का केस?"

मळवली स्टेशनाबाहेरची भज्यांची गाडी हसली. टाळी वाजली.

पैज लागली होती नव्या पिक्चरवर. तीसेक वर्षांपूर्वी गावातल्याच एका बंगल्याच्या विहिरीवर भुताच्या पिक्चरचं शूटिंग झालं होतं. त्यातली हडळ आरोळी ठोकायची तेव्हा पुण्या-मुंबईची माणसं खुर्चीत पाय वर घ्यायची आणि मळवलीकर खदाखदा हसायचे. कारण आरोळी गावातल्याच सरूबाईची होती. भात दाण्यावर आलं की ती शेतातल्या उंच माळ्यावर उभी राहून पाखरं हाकायची. शूटिंगवाल्यांनी ऐकलं, यंत्रात भरून नेलं. पडद्यावर तिचं नाव काही आलं नाही.

आता तोच पिक्चर नव्यानं निघाला होता. या नव्या शूटिंगवाल्यांची माणसं रिक्षातून ने-आण करणारा अंबाजी गावभर सांगत होता, "मावशीची आरोळी तश्शीच ठेवलीय. लय भारी पिक्चर हाय, भिमाजी उठून पळणार."

सरूबाईनं हे ऐकलं आणि पेटीतली इरकल काढली. शेताच्या जागी बंगले उभे राहिले त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून तिनं आरोळी ठोकली नव्हती. नात प्रतीक्षानं ती कधी ऐकलीच नाही. "जुन्या पिक्चरातला आवाज माझा" असं आजी म्हणाली की ती "बरं" म्हणायची. सरूबाईला त्या 'बरं'चा राग यायचा.

तळेगावच्या थेटरात दुपारच्या खेळाला चौघं ओळीनं बसले. अर्ध्या तासात भिमाजीचं तोंड कडू झालं. विहीर गेली, निळ्या फरशीचा स्विमिंग पूल आला. हडळीच्या भुवया कोरलेल्या, नखं रंगवलेली. ती दिसायच्या आधी ढोल वाजायचे, म्हणजे भ्यायचं कधी तेही तेच सांगणार. वर हीरो दर दहा मिनिटांनी भुताची माहिती द्यायचा, गाईडसारखी.

"थू! ह्याच्यापरीस आमच्या बंगल्यातलं पाव्हणं भ्याव दावत्यात," भिमाजी पुटपुटला. बंगल्याची राखण करून त्याला पाहुण्यांची सगळी सोंगं पाठ होती.

मग तो प्रसंग आला. हडळ पाण्यातून वर आली. सरूबाई पुढं सरकली, पदर मुठीत. प्रतीक्षानं मोबाइल खाली ठेवला.

हडळीनं तोंड उघडलं, आणि मिक्सरमध्ये चमचा अडकावा तसा आवाज निघाला.

"आजी, हाच?"

सरूबाईनं नाही अशी मान हलवली. हळूहळू मागं टेकली. इरकलीची घडी मांडीवर सारखी करत राहिली. पलीकडं अंबाजी बूट बघत होता. थेटरभर माणसांनी मोबाइल काढले होते, कुणी जांभया देत होतं.

भिमाजी तिच्या कानाशी वाकला. "मावशे, रानात पाखरं बसल्याती बघ. सगळं भात खाऊन टाकतील."

सरूबाईनं अंधारातल्या त्या उजळलेल्या तोंडांकडं बघितलं. हात तोंडाशी नेला.

"हुऽऽऽर्र्याऽऽऽऽ!"

पॉपकॉर्न उडालं. मोबाइल पडले. कुणी आईला हाक मारली, कुणी खुर्च्यांमधून दाराकडं धावलं. प्रतीक्षा आजीच्या दंडाला लटकली होती आणि हसत होती की रडत, ते तिलाच कळत नव्हतं. "आजी! खरंच तू?"

अंबाजीनं पाय वर घेतले होते, पण खुर्ची सोडली नव्हती. भिमाजीनं ते बघितलं. गुडघ्यांवर हात टेकून सावकाश उठला, पँट झटकली.

"भ्यालो बाबा. हरलो."

रविवारी लेण्यांकडं जाणाऱ्या पर्यटकांनी स्टेशन फुललेलं. सरूबाईनं स्वतःच्या हातानं त्याला लुगडं नेसवलं. डोक्याला काळी लोकर बांधून भिमाजी निघाला, शेजारी सरूबाई आणि प्रतीक्षा. पोरापोरींनी मोबाइल वर केले.

"काका, पिक्चर एवढा डेंजर आहे?"

"पिक्चर? कुत्रं ढुंकून बघायचं न्हाई!" भिमाजी ओरडला. "म्या हिला भ्यालो! सरूबाईला! जुन्या पिक्चरातली आरोळी हिची!"

फाटकापर्यंत त्यानं हे इतक्यांदा सांगितलं की त्याचा घसा बसला. अंबाजी रिक्षा हळूहळू चालवत मागं येत होता. एका वळणावर तो जवळ आला.

"भिमा, तू तर आदीच तिच्या कानात बोल्लास. मंग भ्यालास कसा?"

"गाडी चालीव गप."

फाटकाशी माणसं सरूबाईभोवती गोळा झाली. प्रतीक्षा मोबाइल धरून पुढं. "आजी, एकदा. परत."

सरूबाई बंगल्यांच्या रांगेकडं बघत राहिली. "हितं ना भात, ना पाखरू. कुनाला हाकू?"

तेव्हा भिमाजीनं पांढरा पदर दोन्ही हातांवर पसरला आणि रस्त्याच्या मधोमध पंख फडफडवत उकिडवा बसला.

सरूबाईनं हात तोंडाशी नेला.