सावकाश ये

डॅशबोर्डवरच्या घड्याळातले ते दोन ठिपके, तासामिनिटांच्या मधले, सारखे लुकलुकत होते... दहा वाजून चाळीस मिनिटं... म्हणजे खरे सव्वादहा, कारण हे घड्याळ बायकोने पंचवीस मिनिटं पुढे लावून ठेवलं आहे, आणि हे आपल्याला माहीत नाही असं तिला वाटतं, आणि तसं तिला वाटू देण्यातच संसाराचं हित आहे म्हणून तो गेली सहा वर्षं गाडी चालवताना मनातल्या मनात वजाबाकी करत आला आहे.

आज मात्र वजाबाकी बंद. समुद्रावर, दादाने दोन दिवसांसाठी भाड्याने घेतलेल्या घरी, दादाच्या साठाव्या वाढदिवसाला संध्याकाळी सहाला सगळे जमणार होते, आणि तो सहाच्या आधी पोचणार होता. चांगला घसघशीत आधी. दार उघडणाऱ्याचं तोंड बघण्यासाठी.

बावीस वर्षं तो शहराच्या बसगाड्यांची वेळापत्रकं बनवत होता. कुठल्या थांब्यावर किती सेकंद, चढाला किती मिनिटं वाढवायची, शाळा सुटताना किती, हे सगळं त्याच्या पेन्सिलीच्या टोकावर. आणि घरी... दिव्याखाली अंधार. नातेवाइकांत त्याचं नाव ‘मागची गाडी’. मागची गाडी आली का? नाही, पण जेवायला बसून घ्या. लहान मुलंसुद्धा हसत, आणि तोही हसे, कारण न हसणारा माणूस जास्तच हास्यास्पद दिसतो.

पण मी काही जन्मापासून मागची गाडी नव्हतो. हे सुरू झालं आई गेली तेव्हापासून. अकरा वर्षांपूर्वी दादाचा फोन आला होता... “आईचं जरा... तू ये. सावकाश ये, घाई करू नकोस.” तो सावकाश गेला. चाळीस मिनिटं उशिरा पोचला. खोलीतल्या सगळ्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि दादा खिडकीशी पाठमोरा उभा होता तो तसाच उभा राहिला. ‘मी सांगितलं होतं त्याला सावकाश ये म्हणून.’ सात शब्द. दादाने ते तेव्हा उच्चारले नाहीत, नंतरही नाहीत, आणि तेव्हापासून या खानदानात त्याला कुणी खरी वेळ सांगितलेली नाही. लग्न बाराचं असलं की त्याच्यासाठी साडेदहाचं.

संध्याकाळी प्रत्येकाने दादाबद्दल दोन चांगले शब्द बोलायचे होते. तो बोलणार होता. आणि मग हसत हसत, अगदी सहज, सगळ्यांसमोर विचारणार होता... दादा, त्या दिवशी फोनवर काय म्हणाला होतास रे मला? बस, एवढंच. ते सात शब्द एकदा सगळ्यांच्या कानांवर पडले, की मग खुशाल म्हणा मागची गाडी.

“बाबा, टॉयलेट,” मागून मुलगी म्हणाली. ती सोळा वर्षांची असल्याने सहसा एका शब्दाच्या वर बोलत नसे.

“चाळीस मिनिटांनी एक पंप आहे.”

“मी बस नाहीये.”

“थांबव की रे,” बायको म्हणाली. “एवढी कसली घाई? सहाला तर आहे.”

“तूच सांगितलंस ना सहा?”

“हो, पण... सहा म्हणजे काही अगदी सहाच नसतं.”

ती खिडकीबाहेर पाहत होती. खोटं बोलताना ती नेहमी निसर्गाकडे पाहते. सकाळपासून तिचं काहीतरी बिनसलं होतं. आधी कुंड्यांच्या दुकानाशी थांबू या म्हणाली, मग मळमळतंय म्हणाली, मग इस्त्री बंद केली की नाही आठवत नाही, परत जाऊन बघू या म्हणाली. इस्त्री त्याने स्वतः बंद केली होती. असं कसं होतं, आयुष्यभर ‘आटप, आटप’ म्हणणारी ही बाई आजच नेमकी रेंगाळतेय... पंपावर सात मिनिटं गेली, ती त्याने पुढच्या उतारावर भरून काढली. त्याला फार दिवसांनी स्वतःबद्दल बरं वाटत होतं.

पावणेचारला ते पोचले. समुद्र होता जागच्या जागी. अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून ठेवलेल्या, दार उघडं, आणि आत एकटा दादा, बनियन आणि अर्ध्या चड्डीत, लालबुंद होऊन एक पिवळा फुगा फुगवत बसलेला. त्याला पाहताच फुगा दादाच्या तोंडातून सुटला आणि फर्रर्र करत खोलीला दोन प्रदक्षिणा घालून सोफ्यामागे गेला.

“तू?” दादा उठून उभा राहिला. चेहऱ्याचा रंग झर्रकन उतरला. “आत्ता? ...कोण गेलं?”

“कुणी नाही! सहाला आहे ना?”

“काय सहाला?”

मग सगळ्यांनी बायकोकडे पाहिलं, आणि बायकोने निसर्गाकडे. कार्यक्रम उद्या दुपारी एकला होता. दादाने वहिनीला सांगितलं, त्याला दहा सांग. वहिनीने विचार केला, दहा म्हणजे तो दोन करणार, म्हणून तिने बायकोला आठ सांगितले. आणि बायकोला दोघांचाही भरवसा नव्हता. आदल्या दिवशी सहा सांगितले तर माणूस रात्री बारापर्यंत तरी पोचेल, झोपेल, सकाळी इथेच सापडेल...

“मला काय माहीत तू खरंच वेळेवर येशील!” ती म्हणाली. हा आरोप होता. वहिनी आणि बाकीचे सगळे उद्या सकाळी निघणार होते.

सव्वाएकवीस तास. त्याने सवयीने हिशेब केला. त्याच्या खात्यात एखादी गाडी एवढी आधी आली असती, तर ती उद्याची न धरता आजचीच धरली असती... एकची गाडी, पावणेचारला. म्हणजे पावणेतीन तास उशीर. इथेही उशीरच.

बायको आणि मुलगी पाय ओले करायला गेल्या. बायको जरा जास्तच लगबगीने. तो दादाशेजारी जमिनीवर बसला. साठ फुगे फुगवायचे होते, दादाचे नऊ झाले होते आणि त्याला धाप लागली होती. पंप आणायचा राहिला, म्हणाला. जवळून पाहिलं तर दादाच्या कानांवर पांढरे केस आले होते. दोघं फुगवत राहिले.

“आईच्या वेळी,” दादा एका फुग्याला गाठ मारता मारता म्हणाला, “मी तुला सावकाश ये म्हणालो होतो.”

“हं.”

“डॉक्टरांनी तासभर सांगितला होता. मला वाटलं, खरं सांगितलं तर हा गाडी हाणत येईल, रस्त्यात कुठे काही करून घेईल. एका दिवसात दोन... माझ्याच्याने झालं नसतं रे. नंतर सांगायचं राहिलं. मग तुझी चेष्टा सुरू झाली, मग तर सांगायला तोंडच उरलं नाही. उद्या सांगतो. सगळ्यांसमोर.”

अकरा वर्षं ज्यासाठी दात धरून ठेवला, ते असं बनियनमध्ये, न मागता, हातावर आणून ठेवलेलं. आता छाती हलकी व्हायला हवी होती. तो वाट पाहत राहिला. तिथे काहीतरी दुसरंच वर येत होतं, साबणाच्या वासाचं... कारण दादाच्या त्या ‘आईचं जरा’ आणि ‘तू ये’ यांच्या मधल्या पोकळीतच त्याला सगळं कळलं होतं. फोन ठेवण्याआधीच. मी तेव्हाच समजलो होतो. आणि अर्ध्या रस्त्यात, डाव्या हाताला, त्याने गाडी आत वळवून धुवायला दिली होती. बाकावर बसून तो फेस ओघळताना पाहत होता. धुणाऱ्याने विचारलं होतं, साहेब, आतूनही करू का? आणि तो म्हणाला होता, हो, आतूनही करा. पायपुसणीसुद्धा.

“नको,” तो म्हणाला.

“काय नको?”

“उद्या सांगू नकोस कुणाला.”

“अरे, पण सगळे तुला...”

“म्हणू देत. चाललंय ना. आता कशाला.”

 दादाचे डोळे भरून आले, आणि हा जन्मात कधी कुणाला हात न लावणारा माणूस पुढे झाला आणि त्याने धाकट्या भावाच्या पाठीवर हात ठेवला. “फार मोठं मन आहे रे तुझं,” तो म्हणाला. “आई म्हणायचीच.”

यावर काहीतरी बोलायला हवं होतं. आत्ताच, घर रिकामं आहे तोवर. दोन शब्द... दादा, मी गाडी... तेवढंच. त्याने हाताशी आला तो फुगा उचलून तोंडाला लावला. तोंड भरलेलं असलं की माणसाला बोलावं लागत नाही. पाठीवरचा हात तसाच होता, ऊबदार, जड. पुरे, पुरे, फुटेल तो, दादा हसत म्हणत होता, आणि मी फुगवतच होतो.